बाबांच्या दोन दाढा: इम्प्लांट करावं का?

महालकर:
बाबा ६८ वर्षांचे. डावीकडच्या खालच्या दोन दाढा ४ वर्षांपूर्वी काढल्या. काढता-घालता येणारे दात बसवले, पण ते रुमालात गुंडाळून खिशातच असतात. सगळं उजवीकडूनच चावतात. काल संत्र्याची फोड नुसती चोखून चोथा ताटाच्या कडेला ठेवताना पाहिलं, जीव कळवळला. शुगर आहे, तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटत नाही. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्का दात, झेपेल का?

धरमपेठवाली:
मी दोन केले. आधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) काढा. दात गेला की तिथलं हाड झिजतं, किती उरलं ते त्यात दिसतं. कमी असेल तर हाड भरावं लागतं. टायटॅनियमचा स्क्रू हाडाशी एकजीव व्हायला मला ४ महिने लागले, मग वर कॅप. जागा बधिर करतात. मला दुखलं ते घरी आल्यावर, दोन दिवस.

दंतसेवक:
वयाची अडचण नाही. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) आटोक्यात हवं. मला काळजी खर्ऱ्याची वाटते. तंबाखूनं हिरड्या बिघडतात, सुपारीनं गालाची आतली कातडी ताठरते आणि तोंड उघडेनासं होतं. मग मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोचणार कसं? बाबांची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात जातात का, बघा. जात नसतील तर इम्प्लांट राहू द्या, आधी नागपुरात मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात तोंड तपासून घ्या.

महालकर:
आत्ताच पाहिलं. दोनच गेली. उद्या सकाळीच नेतो.