टेक्सासमध्ये स्वतःचे क्लिनिक : करारासाठी डॉक्टर कसे निवडावेत?

पल्लवी_डॅलस : मी फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर (उच्च शिक्षण घेऊन रुग्ण तपासणारी व उपचार करणारी परिचारिका) असून डॅलसजवळ छोटे क्लिनिक काढते आहे. टेक्सासमध्ये औषधे लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरांनी लेखी कराराने सोपवावा लागतो. त्यासाठी महिना 500 डॉलरहून अधिक देणे मला परवडणार नाही. करारात काय पाहावे?

वाळवंटकर : आम्ही फिनिक्सला आलो ते याचसाठी. अ‍ॅरिझोनात असा करार लागतच नाही आणि माझ्या पत्नीचे क्लिनिक उत्तम चालले आहे. टेक्सास सोडाच.

नाना_ह्यूस्टन : एवढ्यात चांगले डॉक्टर मिळणार नाहीत. आम्ही दुप्पट देतो. मात्र आमचे डॉक्टर रात्रीही फोन घेतात.

सुमेधा_टँपा : राज्य सोडायचेच, तर फ्लोरिडाचा विचार करावा. येथे 2020 च्या कायद्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली 3000 तास काम केलेल्या नर्स प्रॅक्टिशनरना फॅमिली डॉक्टरांसारख्या सर्वसाधारण उपचारांपुरती स्वतंत्र प्रॅक्टिस करता येते.

डॉ_साने : तासांची अट पुरेशी आहे, हे मला मान्य नाही. रेसिडेन्सीत, म्हणजे डॉक्टरांच्या पदवीनंतरच्या रुग्णालयातील प्रशिक्षणात, निदानाचे जे कौशल्य घडते, ते तास मोजून येत नाही.

सुमेधा_टँपा : डॉक्टरसाहेब, ज्या गावात डॉक्टरच येत नाहीत, तेथील रुग्णांनी कोणाकडे जावे?

मृणाल_आरएन : मूळ प्रश्नाकडे येते. माझ्या मैत्रिणीच्या डॉक्टरांनी अचानक करार मोडला आणि तिला औषधे लिहून देणे थांबवावे लागले. म्हणून पूर्वसूचनेची मुदत आणि पर्यायी डॉक्टरांचे नाव करारात असलेच पाहिजे. सर्वसाधारण प्रॅक्टिसमध्ये एका डॉक्टरांना सातजणांपर्यंतच हा अधिकार सोपवता येतो, तेव्हा त्यांच्याकडे जागा शिल्लक आहे का, हे आधी विचारा. दरमहा बैठक आणि केसपेपरांची तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे. नुसती सही विकणाऱ्यांपासून दूर राहा. शेड्यूल दोनची औषधे (मॉर्फिनसारखी, व्यसनाचा मोठा धोका असलेली) मात्र करार असूनही क्लिनिकमधून लिहिता येत नाहीत. निवृत्तीला आलेले डॉक्टर घेऊ नका.

वाळवंटकर : म्हणूनच म्हणतो, अ‍ॅरिझोना.

नाना_ह्यूस्टन : पूर्वसूचनेचे मीही सांगणारच होतो.

पल्लवी_डॅलस : सर्वांचे आभार. माझी मुले येथील शाळेत रुळली आहेत, त्यामुळे राज्य सोडणार नाही. मी निवृत्तीला आलेल्या माझ्या जुन्या विभागप्रमुखांशीच 500 डॉलरमध्ये करार करते आहे, कारण त्या माझा प्रत्येक केसपेपर बारकाईने वाचतात, हे मी पाहिले आहे. पूर्वसूचना नव्वद दिवसांची ठेवली असून पर्यायी डॉक्टरांचे नावही घातले आहे.

मृणाल_आरएन : तरीही मला हे धोक्याचे वाटते.