यीस्टला काय बाई नि बाप्या?

कर्जत_स्लो:
एमएस्सी बायोटेक करतेय. सोमवारी सेमिनार आहे, सिंथेटिक बायोलॉजीकडे (म्हणजे जिवांची जीन्स हवी तशी नव्याने रचायचं शास्त्र) स्त्रीवाद कसा बघतो यावर. विषय सांगितला तर सर म्हणाले "यीस्टला काय बाई नि बाप्या" आणि अख्खा वर्ग खिदळला. तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही, उत्तर सुचलं ते दादरला गाडीत घुसल्यावर आणि तेही अर्धंच 😅 अमेरिकन शास्त्रज्ञ क्रेग व्हेंटरच्या टीमने २०१० मध्ये लॅबमध्ये जोडलेला अख्खा जीनोम (सगळ्या जीन्सचा संच) जिवाणूत घातला तेव्हापासून जो तो विचारतोय माणूस देव व्हायला निघालाय का. मला त्यातून काहीच हाती लागत नाही. मग विचारायचं काय?

गिरगावची_मावशी:
अगं देवाला ठेव बाजूला. आमच्या वेळी गर्भजल तपासणी आली, ती होती गर्भात काही व्यंग आहे का बघायला, आणि मुंबईत वापरली गेली मुलगी आहे का बघायला. जाहिराती राजरोस लागायच्या. आम्ही आवाज केला तर डॉक्टर म्हणायचे बायका आपल्या पायांनी येतात, त्यांची मर्जी. बाहेर बाकड्यावर सासू बसलेली असायची ते नाही सांगायचे! १९८८ ला महाराष्ट्रात कायदा झाला, देशाला १९९४ उजाडलं. तेव्हा टेक्नॉलॉजी चांगली का वाईट यात वेळ घालवू नको, ती ज्या घरात शिरणार तिथे कोणाचं चालतं ते विचार.

पिपेट_पांडू:
मावशी मान्य, पण मी लॅबवाला म्हणून सांगतो, सगळ्याकडेच संशयाने बघितलं तर औषधं कशी बनणार? मलेरियावरचं आर्टेमिसिनिन घ्या. यीस्टमध्ये जीन्स घालून आर्टेमिसिनिक ॲसिड काढलं २००६ मध्ये, त्यापासून पुढे औषध, २०१३ ला कारखान्यात उत्पादन सुरू. गरोदर बायकांना मलेरिया जास्त भोवतो, मग हे त्यांच्या फायद्याचंच ना?

कर्जत_स्लो:
@पांडू आहेच फायद्याचं. पण ते मुळात झाडातून वेगळं काढलं चिनी शास्त्रज्ञ तू यूयू (Tu Youyou) बाईंच्या टीमने १९७२ मध्ये, जुने चिनी वैद्यकाचे ग्रंथ चाळून, आणि बाईंना नोबेल मिळालं कधी तर २०१५ ला. शिवाय ती वनस्पती चीन, व्हिएतनाम, पूर्व आफ्रिकेत छोटे शेतकरी लावतात, यीस्टवालं येतंय म्हटल्यावर त्यांनी पुढच्या वर्षी काय पेरायचं हे कोणी विचारलं? (पुढे शेतातलंच स्वस्त पडलं आणि यीस्टवालं मागे पडलं ही गंमत वेगळीच.) अरे हेच सरांना सांगायला हवं होतं!!

पिपेट_पांडू:
हं. आत्ता इन्क्यूबेटर उघडला तर समोर फ्लास्क, त्यावर माझ्याच गचाळ अक्षरात मार्करने "हेला, पॅसेज १४" (पॅसेज म्हणजे पेशी नव्या भांड्यात हलवायची खेप). हेला हे नाव हेन्रिएटा लॅक्स या बाईवरून. १९५१ मध्ये तिच्या कॅन्सरच्या पेशी तिला न विचारता घेतल्या, त्या अजून जगभर वाढतायत, मी दर दोन-तीन दिवसांनी त्यांचं गुलाबी मीडियम (पेशींचं खाद्य) बदलतो आणि नावाकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. त्या पेशी सिंथेटिक बायोलॉजीत मोडत नाहीत म्हणा.

कर्जत_स्लो:
नसू देत. फोटो टाक ना प्लीज, लेबल दिसेल असा. पहिली स्लाइड तीच.