ऑल्टनची फॅनी अ‍ॅडम्स, थडगं बघितलंय का कोणी?

भटक्या: इथे ऑफिसात सगळे 'स्वीट एफए' (स्वीट फॅनी अ‍ॅडम्स) म्हणतात, म्हणजे काहीच नाही, शून्य. मला वाटायचं नुसती शिवी असेल, पण परवा कळलं की फॅनी अ‍ॅडम्स ही खरी मुलगी होती, हॅम्पशायरमधल्या ऑल्टनची, १८६७ मध्ये खून झाला तिचा. तिकडे काही आहे का बघण्यासारखं?

मीनल_यूके: हो, ऑल्टनच्या सिमेट्रीत दगड आहे तिचा, लोकांनी वर्गणी काढून उभारलेला. वय लिहिलंय ८ वर्षं ४ महिने, ते 'महिने' वाचून माझे पाय तिथेच थांबले हो. २४ ऑगस्टला शनिवारी दुपारी बहीण आणि मैत्रिणीबरोबर कुरणात खेळायला गेली, एका वकिलाच्या कारकुनाने पोरींना चिल्लर दिली आणि हिला शेताकडे घेऊन गेला. त्याच्या डायरीत त्या दिवशी मुलगी मारल्याची नोंद आणि लगेच पुढे हवा छान, ऊन कडक! त्याच वर्षी २४ डिसेंबरला विंचेस्टरला फाशी झाली त्याला.

जुनाट: आणि शिवी कुठून आली तर नौदलातून. तेव्हा खलाशांना डब्यातलं मटण मिळायला लागलं, ते इतकं भिकार की हे तिचेच तुकडे असणार म्हणून थट्टा करायचे, मग निरुपयोगी वस्तू म्हणजे फॅनी अ‍ॅडम्स. मला तर किळस येते.

भटक्या: बापरे. रविवारी जातो, फुलं नेली तर चालतात ना?

मीनल_यूके: चालतात की.