प्रति: फेणी काजूगराची नव्हे, बोंडाची

'फेणी काजूगरापासून काढतात आणि हुर्राक म्हणजे तिच्यात पाणी घालून केलेला स्वस्त प्रकार' असं वर लिहिलंय, ते दोन्ही चूक आहे. गराचा संबंधच नाही, सगळं येतं ते बोंडातून, म्हणजे काजूच्या बीला लागून असलेल्या रसाळ फळातून, तेही झाडावरून तोडलेल्या नव्हे तर पिकून आपोआप गळलेल्या. आणि हुर्राक हे पहिलं गाळप, म्हणजे बोंडाचा आंबवलेला रस भट्टीवर एकदाच उकळून काढलेली दारू. त्यात साधारण १५ टक्के अल्कोहोल असतं. हाच हुर्राक आंबवलेल्या रसात मिसळून पुन्हा भट्टीवर चढवला की ४२ टक्क्यांच्या आसपासची फेणी उतरते. हुर्राक टिकत नाही, म्हणून तो मार्च ते मे एवढाच.

पण इथे नीरोबद्दल कुणीच लिहिलं नाही याचं वाईट वाटलं. बोंडं तुडवून उरलेल्या चोथ्याची ढेप बांधून वर जड दगड ठेवतात. रात्रभर थेंब थेंब ठिबकतो तो नीरो. अजिबात न आंबलेला, गोड, जिभेला किंचित तुरट. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका भट्टीवर सकाळी सातला मला पेलाभर मिळाला होता. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, फार चांगलं झालं. नीरो मात्र बाटलीत मिळणार नाही, दुपारपर्यंत तो आंबायला लागतो. एप्रिलात तिकडे जाणार असाल तर पहाटेच भट्टी गाठा.