मदत हवी आहे: रेंज नसलेल्या वाड्यांमध्ये घरोघरच्या प्रचाराच्या नोंदी मोबाइलवर कशा ठेवायच्या?

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका जिल्हा परिषद गटातून माझी आत्या अपक्ष उभी आहे. बचत गटांमुळे बायका तिला ओळखतात, पण गट मोठा आणि हाताशी माणसं अकरा. भोंग्याची गाडी फिरवण्यापेक्षा प्रत्येक घरी जाऊन बसायचं, असं तिने ठरवलंय. मोबाइलचं सगळं माझ्याकडे आहे आणि मी तिथेच अडकलेय.

इथला भूगोल ज्यांनी पाहिलाय त्यांना पटकन कळेल. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, रेंज असते. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून खाली माडांच्या आगरात आलं की काही नाही. घरं एका रांगेत नाहीत. एक माडांत, दुसरं दोन गडगे (दगडी कुंपणं) ओलांडून, तिसरं पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) पलीकडे. मतदार यादीतला घर क्रमांक बहुतेक ठिकाणी उपयोगाचा नाही, कुठे तर नुसतं शून्य. वाडीत एकाच आडनावाची चाळीस माणसं, त्यात एकाच नावाचे तिघे. वडिलांचं नाव आणि वय जुळवून माणूस ओळखायचा. गावात विचारताना ‘पिंपळाकडचे’, ‘वरच्या घरातले’ असंच विचारावं लागतं, ते यादीत कुठून असणार? आणि कितीतरी दारांना कुलूप. नावं इथे, माणसं मुंबईला, ती गणपतीला आणि शिमग्याला दिसणार.

२०१७ च्या निवडणुकीत मी दुसऱ्या एका उमेदवारासाठी काम केलं होतं. तेव्हा पैसे देऊन एक अ‍ॅप घेतलं होतं. इंटरनेट नसलं की त्यातली नोंद जतनच व्हायची नाही, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. त्यामुळे एकाच घरी दोन-दोन टोळ्या गेल्या. एका घरात आदल्या आठवड्यात कर्ता माणूस गेला होता. पहिल्या मुलींनी नोंद केली होती, ‘इथे पुन्हा जाऊ नका’. ती पोचलीच नाही आणि दुसऱ्या दिवशी आमचीच चार पोरं पत्रकं घेऊन त्या पडवीत उभी. त्या माउलीचा चेहरा मी विसरलेले नाही. म्हणून यावेळी हे नीट व्हायला हवंय.

आणखी एक. त्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक नावापुढे जात आणि ‘आपला, विरोधी, काठावरचा’ असे रकाने होते. आत्याने स्वच्छ सांगितलंय की यातलं काही लिहायचं नाही. कोणत्या घरी गेलो, कोण भेटलं, त्यांनी कोणती अडचण सांगितली आणि पुन्हा जायचं का, एवढंच हवं.

गुगल शीट ऑफलाइन करून पाहिली. हजारभर ओळींची यादी उन्हात अंगठ्याने सरकवताना चुकीच्या नावापुढे खूण होते. व्हॉट्सअ‍ॅप गटावर दोन दिवसांत सगळं वाहून गेलं. अकरा साध्या अँड्रॉइड फोनवर रेंजशिवाय चालेल असं काय आहे? आणि पीडीएफमधली यादी त्यात कशी आणायची?

प्रतिसाद १

ताई, कोबोटूलबॉक्स बघा. आमच्या संस्थेत पाणी सर्वेक्षणासाठी आम्ही तेच वापरतो. संगणकावर प्रश्नावली बनवायची आणि फोनवर त्याचं कोबोकलेक्ट हे अ‍ॅप टाकायचं. रेंजमध्ये असताना फॉर्म एकदा उतरवून घेतला की पुढे इंटरनेट लागत नाही. भरलेल्या नोंदी फोनवरच राहतात, सड्यावर आल्यावर पाठवायच्या. जीपीएस उपग्रहावर चालतं, त्यामुळे घराची जागा रेंज नसतानाही टिपता येते. मोफत खात्याच्या अटी मात्र आधी वाचून घ्या.

यादी सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइल करून फॉर्मला जोडता येते. आधी वाडी निवडली की फक्त त्या वाडीतलीच नावं दिसतील, अशी रचना करा. म्हणजे हजार ओळी सरकवणं संपलं. प्रत्येक मतदाराची ओळख नावाने ठेवू नका. स्थानिक निवडणुकीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच फोडलेली असते, तेव्हा विधानसभा क्रमांक, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक हे तिन्ही जोडून ओळख बनवा. एकाच नावाचे तिघे असले तरी गोंधळ होणार नाही.

पीडीएफचं काम किचकट आहे. पानावर तीन स्तंभांत तीस चौकोन असतात. टेसेरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामला मराठी वाचता येतं, पण अख्खं पान दिलं तर तो शेजारच्या चौकोनांतल्या ओळी एकत्र करतो. आधी चौकोन कापा, मग एकेक वाचायला द्या. तरीही जोडाक्षरं चुकतात. एकाने मूळ यादी वाचायची आणि दुसऱ्याने पडद्यावर तपासायचं, याला पर्याय नाही.

एक मर्यादा लक्षात ठेवा: रेंज नसताना एका फोनची नोंद दुसऱ्याला दिसत नाही. म्हणून वाड्या वाटून द्या. एक वाडी, एकच जोडी.

प्रतिसाद २

मी तीस वर्षं घरोघरी फिरलोय, तेव्हा फोन नव्हते. फोन खिशात ठेवूनच ओटीवर बसा. बोलणं झालं की बाहेर गडग्यापाशी येऊन नोंद करा. समोर बसून टाइप केलंत की म्हातारी माणसं गप्प होतात. वाडीची छापील यादी पिशवीत असू द्या, बॅटरी संपली की तीच कामाला येते.

कोळीवाड्यात कधी जायचं ते होड्या कधी येतात यावर ठरवा. सकाळी दहाला गेलात तर पुरुष समुद्रात आणि बायका मासळी घेऊन बाजारात.

यावेळी मतदाराला दोन मतं द्यायची आहेत, एक जिल्हा परिषदेच्या गटाला, एक पंचायत समितीच्या गणाला. खूप जणांना हे माहीत नसतं, ते प्रत्येक घरी सांगा. अनुक्रमांकाची चिठ्ठी द्यायची तर कोऱ्या पांढऱ्या कागदावर द्या, त्यावर नाव नको, चिन्ह नको. प्रचार कधी थांबवायचा ती वेळ निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून घ्या.

प्रतिसाद ३

कुलूप असलेल्या घरांचं काय करताय? शेजाऱ्याकडून मुंबईचा नंबर घेऊन थेट फोन लावू नका. ज्याचा नंबर त्याने स्वतः दिला पाहिजे. शेजाऱ्यालाच तुमचा नंबर द्या आणि ‘त्यांना कळवा’ म्हणा. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची असते, आणि ज्याने तुमचा नंबर जतन केलाय त्यालाच निरोप पोचतो. त्यामुळे बळजबरीने जमवलेल्या नंबरांचा तसाही उपयोग नाही. शिवाय निवडणूक झाल्यावर ही माहिती कधी पुसणार ते आजच ठरवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल खालच्या वाडीत दोघींनी कोबोकलेक्ट घेऊन चौतीस घरं केली. सगळ्या नोंदी संध्याकाळी सड्यावर येऊन पोचल्या, एकही हरवली नाही. दाट माडांत आणि डोंगराच्या कुशीत जीपीएसला वेळ लागतो आणि जागा थोडी सरकते. म्हणून ‘लोक घराला काय म्हणतात’ असा एक रकाना वाढवला. तोच सगळ्यात कामाचा निघाला.

प्रतिसाद २ मधल्या काकांचं ऐकून फोन खिशातच ठेवला होता. तरी बाहेर येऊन लिहिताना एका आजीने पाहिलंच. “काय गो बाय, मोबायलात काय लिवतस?” मी पडदा तिच्यापुढे धरून वाचून दाखवलं: खारबंधारा (खाडीचं पाणी अडवणारा बांध) फुटल्यापासून विहिरीचं पाणी खारट. तिने तिथूनच शेजारणीला हाक मारली आणि त्यांच्या विहिरीचंही लिहून घ्यायला लावलं. त्या एका वाडीत सात घरांनी हेच सांगितलंय. आत्या आता त्या बंधाऱ्यावर स्वतः जाऊन येणार आहे.

नंबरांबद्दल ठरलं: ज्यांनी स्वतः दिले तेवढेच ठेवायचे आणि निकालानंतर आठ दिवसांत खात्यातून आणि अकराही फोनवरून सगळं पुसायचं. ते काम माझ्याकडे.

आता एकच अडलंय. पुरवणी यादी हातात आलीय, त्यात नावं वाढलीत आणि काही वगळलीत. सीएसव्ही बदलून फॉर्म पुन्हा उतरवला तर फोनवर अर्धवट भरून ठेवलेल्या नोंदी बिघडतील का? की आधी सगळं पाठवून मगच बदलू? उद्या संध्याकाळी सहाला अकराही फोन सड्यावर एकत्र आणतेय, त्याआधी कोणी सांगितलं तर फार बरं होईल.