'अ‍ॅट्र-अ‍ॅक्सेसर'ला मराठीत काय म्हणावं?

धागाकर्ती: रुबी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवरचे धडे मराठीत आणते आहे. तिच्या क्लासमध्ये, म्हणजे वस्तूंच्या साच्यात, 'अ‍ॅट्र-अ‍ॅक्सेसर :वजन' एवढी एक ओळ लिहिली की 'वजन' आणि 'वजन=' अशा दोन मेथड (नाव घेतलं की चालणारी छोटी कामं) आपसूक तयार होतात. एक आतली किंमत काढून देते, दुसरी नवी ठेवते. मी 'गुणधर्म-प्रवेशक' केलं. एका विद्यार्थिनीनं विचारलं, "कोण कुठे प्रवेश करतंय?" मी गप्पच झाले.

प्रतिसाद १: प्रवेशक नकोच. संस्कृत नाटकात दोन अंकांमधल्या, दुय्यम पात्रांच्या छोट्या प्रवेशाचं ते नाव आहे. रुबीत किंमत काढून देणारा रीडर आणि ठेवणारा रायटर वेगळेही मिळतात. सरळ 'वाचक' आणि 'लेखक' म्हणा.

धागाकर्ती: 'लेखक' म्हटलं की मुलांना कादंबरी लिहिणारा दिसतो.

प्रतिसाद २: अ‍ॅक्सेसरच ठेवा. टेबल घेतलं, पेन घेतलं, हे का नको? ऑफिसात आम्ही या दोन मेथडना दिवसभर गेटर-सेटरच म्हणतो.

प्रतिसाद ३: टेबल समोर दिसतं, दादा. अ‍ॅक्सेसर नवख्याला काहीच सांगत नाही. आजीची पत्र्याची कोठी आठवते. वरचं झाकण काढून ज्वारी ओतायची. खालच्या भोकातला बोळा काढला की सुपात धार. 'घाल-काढ' म्हणा.

प्रतिसाद ४: ताई, तुम्ही 'तयार होतात' लिहिलंत ते फार बरं केलंत. एरवी लोक 'मेथडची व्याख्या करणे' लिहितात, ते मला सोसत नाही. 'ख्या' म्हणजे सांगणे. वर्तुळाची व्याख्या केली म्हणून ते कागदावर उमटत नाही. रुबीची 'डिफाइन-मेथड' ही आज्ञा चालते तेव्हा मात्र नसलेली मेथड त्या क्षणी अस्तित्वात येते. मी स्वतः करून पाहिलं: पाच नावांची यादी, तिच्यावर एक फेरा, आत 'इन्स्टन्स-व्हेरिएबल-गेट' आणि 'सेट', म्हणजे आतली किंमत काढणं आणि ठेवणं. दहा मेथड घडल्या! 'घडवणे' हाच शब्द.

प्रतिसाद १: गणितात व्याख्या रुळली, इथेही रुळेल.

प्रतिसाद ४: चुकीचं रुळू का द्यायचं?

प्रतिसाद ५: आमच्या कोठीला खाली भोक नव्हतंच. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं असायची. जमिनीत खोल, तोंड एकच, घालायचं तिथून आणि काढायचंही तिथूनच. काढायला माणूस आत उतरायचा. मग प्रवेशक काय वाईट?

प्रतिसाद ३: पेवात असं लगेच उतरत नाहीत, तोंड उघडून आधी हवा खेळू देतात, नाहीतर जीव गुदमरतो. आणि भोक असतं हो, आमच्या घरातल्या धान्याच्या बळदालासुद्धा होतं.