नोकरी सांभाळून घरच्या म्हाताऱ्या माणसाचं कसं करता?

प्रश्न : जावळी तालुक्यातलं आमचं गाव. मी साताऱ्याला पतसंस्थेत कॅशियर. पावणेसातची एसटी चुकली की दिवस गेला. सासूबाई ७८ वर्षांच्या, मांडीचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. नवरा पुण्यात. दुपारचं जेवण शेजारच्या काकू देतात, पण लघवीचं भांडं द्यायला त्यांना सांगवत नाही हो! त्यामुळे सासूबाई पाणीच पीत नाहीत. संध्याकाळी बघते तर सकाळचा तांब्या तसाच भरलेला. रजा संपल्यात. काय करू?

उत्तर १ : आधी पाण्याचं बघा, लघवीला जळजळ सुरू झाली की ताप येतो. आमच्या वडिलांना झालं होतं. आणि काकूंना महिन्याला ठरवून पैसे द्या. फुकटात माणूस संकोचतो, दोन्हीकडून.

उत्तर २ : मी गावातली आशा सेविका आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना एकदाच ३००० रुपये मिळतात, कमोड खुर्ची त्यात बसते. कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत हवं. सत्तरीपुढचं आयुष्मान कार्डही काढा, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावरच. घरी बाई ठेवायला त्यातून दमडी नाही. सल्ल्यासाठी १४५६७ हा ज्येष्ठांचा फोन मोफत आहे.

उत्तर ३ : नवऱ्याला महिन्यातून चार दिवस बोलवा की. आई त्यांचीच ना?

प्रश्नकर्ती : काकू पैशाला आधी रागावल्या, मग हो म्हणाल्या. नवऱ्याचं... बोलले. शनिवारी येतोय.